तिसऱ्या मजल्यावरचा चोर

माझं अक्षर चांगलं होतं, हीच माझी चूक. कोंबडीचे पाय असते तर ती नियमावली दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडली असती. पण अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सोसायटीचं काहीही लिहायचं झालं की हाक मलाच. मी तेव्हा एस.वाय.ला होते, सकाळचं कॉलेज, दुपारी घरी. म्हणजे सापडायला सोपी.

अण्णा विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, कोण किती वाजता गेला, कोण तीन मिनिटं उशिरा आला आणि का, हे लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर कारखान्याने त्यांना निरोपाला काय द्यावं? भिंतीवरचं घड्याळ! मग ते घड्याळ आणि अण्णा दोघंही आमच्या मुलुंडच्या घरी येऊन बसले आणि आमच्या नोंदी सुरू झाल्या. आई भाजीला निघाली की "परत किती वाजता?" मी मैत्रिणीकडून आले की "सांगितलं होतंस साडेपाच, आत्ता वाजलेत पाच एक्केचाळीस." आईने आठवडाभर काढला. नंतर सरळ म्हणाली, "सोसायटीचे सेक्रेटरी व्हा, नाहीतर मी माहेरी जाते." अण्णा बिनविरोध निवडून आले, कारण दुसऱ्या कुणालाच ते काम नको होतं.

त्याच सुमाराला आमच्या गल्लीत दुपारच्या चोऱ्या सुरू झाल्या. चोर मोठे शिस्तीचे होते. नवरा-बायको ऑफिसला, मुलं शाळेत, बारा ते चारच्या मध्ये यायचे आणि काम आटपून जायचे. समोरच्या बिल्डिंगमधून नवाकोरा कलर टीव्ही नेला, पण त्यावरचं क्रोशाचं कव्हर घडी घालून टेबलावर ठेवून गेले. त्या बाईंना टीव्हीपेक्षा त्या कव्हराचंच जास्त लागलं. "मी सहा महिने खपून विणलं हो, मेल्यांनी ढुंकून पाहिलं नाही," असं सगळ्यांना सांगत होत्या.

मग आमच्या सोसायटीने धोक्याची घंटा बसवली. तळमजला आणि वर तीन मजले, एकूण बारा बिऱ्हाडं. प्रत्येकाच्या दाराशी एक लाल बटण. बटण दाबलं की जिन्यात शाळेच्या मधल्या सुट्टीची असते तसली, पण अंगाने दुप्पट घंटा कोकलायची आणि खाली वॉचमनच्या खुर्चीमागे एक फळी होती तिच्यावर त्या घराच्या नंबरचा दिवा लागायचा. दिवा बघायचा आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते घेऊन त्या घरी धावायचं. साधी गोष्ट.

पहिल्याच आठवड्यात घंटा नऊ वेळा वाजली. चोर एकदाही नव्हता. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एका आजोबांचं ब्लडप्रेशर वाढलं आणि त्यांनी पोलीस चौकीत अर्ज टाकला. साहेबांनी अण्णांना बोलावून घेतलं. आम्हाला वाटलं, लागली वाट, आता घंटा काढायला लावणार. तर अण्णा परत आले ते लग्नाची पत्रिका आणावी तसा एक कागद हातात धरून. घंटा ठेवायला परवानगी होती, पण अटी होत्या. प्रत्येक वेळी घंटा वाजली की रजिस्टरात नोंद करायची. दर महिन्याला बीटवरचे हवालदार येऊन रजिस्टर तपासणार. ऊठसूट खोटी घंटा वाजायला लागली तर परवानगी रद्द.

रजिस्टर! अटी! अण्णांचा चेहरा असा फुलला होता की आई म्हणाली, माझ्याशी लग्न ठरलं तेव्हाही इतका फुलला नव्हता. चौकीच्या तीन अटींत त्यांनी स्वतःच्या चौदा घातल्या आणि माझ्याकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेतल्या. सहावा नियम मला अजून पाठ आहे. "चोर नसताना घंटा वाजल्यास ती खोटी समजण्यात येईल." नववा असा की एका घरातून तीन खोट्या घंटा झाल्या की त्या घराची तार कापायची. मीच लिहिलं ते. शेवटी खाली एक फुलसुद्धा काढलं, गाढवासारखं.

रजिस्टर मात्र झकास निघालं. खुलाशाच्या रकान्यात लोक मन मोकळं करायचे. एकाने नुसतं लिहिलं होतं, "पाल." दुसऱ्या मजल्यावरून आलं, "पाहुण्यांनी दिव्याचे बटण समजून दाबले. पाहुणे सांगलीचे." त्यावर अण्णांचा लाल शेरा, "पाहुण्यांचे गाव लिहिण्याचे कारण नाही." एका सुनेने लिहिलं, "सासूबाईंनी दाबले. का ते विचारले. सांगत नाहीत." आणि एका घरी मुलगी मॅट्रिक पास झाली म्हणून बापाने आनंदाच्या भरात बटण दाबलं. सगळे लाटणी, बॅटी, छत्र्या घेऊन धावले आणि पेढे खाऊन परत आले. ती नोंदही "खोटी" अशीच झाली. अण्णांनी पेढा खाल्ला आणि मग शेरा मारला.

पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची गोष्ट वेगळी होती. त्यांच्या नवऱ्याला, काकांना, वर्षभरापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. काका म्हणजे उमेदीच्या वयात कबड्डीतला गडी, पहाडासारखा माणूस. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. नाही म्हणायला एक शब्द तेवढा उरला. तो शब्द म्हणजे "च्यायला". देवाने सगळी डिक्शनरी काढून घेतली आणि नेमका हा शब्द ठेवला! भूक लागली की च्यायला, पंखा लावला की च्यायला, मी परीक्षेचा निकाल सांगायला गेले तर पाठीवर डावा हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून, "च्यायला." अण्णांना तो शब्द बिलकूल खपायचा नाही. दर वेळी म्हणायचे, "जरा भाषा सांभाळा." आजारी माणसाला!

काका खुर्चीतून उठायला जायचे आणि पडायचे. काकू पाच फुटांच्या आत, वजनाने पाखरू, त्यांच्याने तो देह उचलायचा कसा? मुलगा मस्कतला. घंटा बसायच्या आधी एकदा काका मोरीत पडले होते, तेव्हा काकू गॅलरीतून हाका मारमारून थकल्या. दुपारी लोकांच्या घरात पंखे घरघरत असतात, रेडिओ चालू असतो, कुणाला ऐकू जातंय! शेवटी संध्याकाळी शाळेतून आलेल्या पोरांनी ऐकलं. म्हणून लाल बटण आल्यावर बिल्डिंगमध्ये सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला होता. त्यांनी त्या बटणाला हळदकुंकूसुद्धा वाहिलं.

त्यांच्याकडून पहिल्यांदा घंटा वाजली तेव्हा आम्ही धावलो. काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडवे. चौघांनी उचलून पलंगावर ठेवलं, काका म्हणाले "च्यायला", म्हणजे उपकार झाले. काकूंनी खुलासा लिहिला, "हे पडले." आणि अण्णांनी खाली शेरा मारला, "चोर नव्हता. खोटी." मी म्हटलं, "अण्णा, खोटी काय? माणूस खराखुरा पडलाय." अण्णा म्हणाले, "घंटा चोरासाठी आहे. परवानगी चोरासाठी आहे. उद्या हवालदार विचारेल, तर मी काय सांगू?" दुसऱ्या वेळीही तसंच झालं. त्यानंतर काकूंच्या दारावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी लागली, की आणखी एक खोटी घंटा झाल्यास तार कापण्यात येईल. मी ती लिहायला नाही म्हटलं होतं. पण अण्णांशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि आईने डोळ्यांनी गप्प बस म्हणून खुणावलं. लिहिली मी. लाज वाटते अजून.

महिनाभर तिसऱ्या मजल्यावरून घंटा वाजली नाही. अण्णा खूष, नियमाने शिस्त लागली म्हणून.

एका दुपारी आईने काकूंचा डबा परत द्यायला मला वर पाठवलं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले तर काका जमिनीवर, डोक्याखाली उशी, अंगावर चादर. शेजारी काकू जमिनीवरच बसून तांदूळ निवडत होत्या. जणू सहलीला आल्यात दोघं.

"अहो काकू, हे काय!"

"पडलेत गं," काकू म्हणाल्या. "बसलोय. ऑफिसातून येईल कुणीतरी संध्याकाळी, मग उचलू."

"आणि बटण?"

"एकच उरलंय ना आता," त्या म्हणाल्या. "ते जपून ठेवलंय. यांना काही जास्त झालं म्हणजे लागेल."

हे त्या अगदी सहज म्हणाल्या, रॉकेल जपून वापरावं तसं. गेल्या महिन्यात काका किती वेळा पडले म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "पाचेक वेळा." पाच वेळा! पाच वेळा ती बाई त्या फरशीवर बसून राहिली होती, कारण मी सुवाच्य अक्षरात नववा नियम लिहिला होता. माझं डोकंच फिरलं. काकू "नको, नको गं बाय माझी" म्हणत उठेपर्यंत मी दाराशी जाऊन बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

सगळी बिल्डिंग आली. सगळ्यांच्या पुढे तळमजल्यावरचे खजिनदार. हे गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेले मालवणी गृहस्थ, मनाचे चांगले, पण नियमांचा कंटाळा यायचा तो फक्त स्वतःच्या बाबतीत. त्यांच्या एका हातात नारळ खवायचा आडाळो आणि दुसऱ्या हातात पक्कड. पक्कड कशासाठी ते सगळ्यांना कळलं. शेवटी अण्णा आले, धापा टाकत, काखेत रजिस्टर.

आधी काकांना उचललं. मग खजिनदार म्हणाले, "सेक्रेटरी, ही तिसरी. आता तार कापूक होयी."

मी तोंड उघडणार, तोच काकू पुढे झाल्या. "मीच दाबलं. पोरीचा काही संबंध नाही." वर म्हणाल्या, "कापा हो. नियम तो नियम." आणि पदराने नुसतंच ते बटण पुसायला लागल्या. ते बघून मला इतकं रडू आलं आणि इतका संताप आला, की अण्णांना काय काय ऐकवायचं ते मी मनात जुळवायला लागले.

अण्णा खाली बघत होते. जमिनीवर उशी होती, चादर होती, अर्धवट निवडलेल्या तांदळाचं ताट होतं. त्यांनी काकूंना विचारलं, "किती वाजता पडले?"

"दीड वाजला असेल."

अण्णांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सव्वाचार. त्यांचे ओठ हलले. हिशेब करताना ते हलायचेच. "पावणेतीन तास," ते म्हणाले. जन्मभर दुसऱ्याचे तास मोजले त्या माणसाने, आणि मला वाटतं हे पावणेतीन त्यांना कुठल्या खात्यात टाकावे ते कळेना.

मग त्यांनी रजिस्टर उघडलं. पेनचं टोपण काढलं. वेळ लिहिली. खुलाशाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, "चोर." आणि पुढे, "पळाला."

आता माझ्या वडिलांची गोष्ट सांगते. नको असलेलं कुणी दारात आलं आणि आईने "हे घरी नाहीत" म्हणून सांगितलं, तर आतून "आहे मी घरी!" असं ओरडणारा हा माणूस.

खजिनदारांनी वाकून वाचलं. "चोर? खंय हा चोर?"

"पळाला."

"अहो, जिन्यात मी होतंय! माझ्या अंगावरसून गेलो?"

"मागच्या पाइपावरून गेला."

"तिसऱ्या माळ्यावरसून?"

"सेक्रेटरी कोण आहे?" अण्णा म्हणाले. "मी पाहिला. म्हणून लिहितोय."

खजिनदारांनी अण्णांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, तांदळाच्या ताटाकडे पाहिलं. मग पक्कड खिशात घातली. "गेलो तर गेलो मेलो," ते म्हणाले. "पुन्ना येतलो, लक्ष ठेवूक होया." पलंगावरून काका म्हणाले, "च्यायला!" अण्णांनी भाषा सांभाळायला सांगितलं. पण जरा हळू.

त्यानंतर तो चोर यायलाच लागला. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. दर वेळी तिसरा मजला, दर वेळी पाइपावरून पसार. महिनाअखेरीला हवालदार रजिस्टर तपासायला आले. अण्णा सकाळपासून देवासमोर बसून होते. खोटी नोंद, तीही पोलिसांच्या रजिस्टरात, तीही सात वेळा! परवानगी तर जाणारच होती, पण अण्णांना भीती होती ती अब्रूची. आईने त्यांना बीपीची गोळी दिली.

हवालदारांनी बोटाने एकेक ओळ वाचली. पोट सुटलेले, मिश्यांचे, वयाने अण्णांच्या जवळपासचे. "साहेब," ते म्हणाले, "हा चोर भलताच चिकाटीचा दिसतो. नेलं काय काय त्याने?"

"काही नाही," अण्णा म्हणाले. तेवढं खरं होतं.

"जागा बघू."

आम्ही वर गेलो. दार उघडलं तर काका पलंगावर तिरके घसरलेले, काकू त्यांना काखेत धरून वर ओढतायत. हवालदारांनी टोपी काढून टीव्हीवर ठेवली, बाह्या सारल्या आणि एका दमात काकांना नीट टेकून बसवलं. सवय असल्यासारखं. "आमच्या वडिलांना होतं हे," एवढंच म्हणाले. मग खुर्ची ओढून काकांसमोर बसले, डायरी काढली आणि गंभीरपणे विचारलं, "चोर दिसायला कसा होता?"

काका म्हणाले, "च्यायला."

"वर्णन जुळतं," हवालदार म्हणाले आणि लिहून घेतलं.

काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एवढ्या दिवसांत त्यांना हसताना मी पाहिलंच नव्हतं. हवालदारांनी खाली येऊन रजिस्टरात शेरा मारला, "घटनास्थळी भेट दिली. चोराचा शोध चालू आहे." सही, तारीख. आणि मग खरंच शोध चालू ठेवला की! दर गुरुवारी दुपारी बीटवर फिरताना वर जायचे, काकांना पलंगावरून खुर्चीत बसवायचे, कबड्डीच्या गप्पा मारायचे, तासाभराने परत पलंगावर. शेरा तोच. दोन वर्षं.

मग काका गेले. झोपेत गेले, पहाटे, घंटा न वाजवता. तेरावा होईपर्यंत बिल्डिंग काकूंकडे जाऊन येऊन होती, नंतर आपापल्या उद्योगाला लागली. महिनाअखेरीला हवालदार आले. रजिस्टरातले मागचे शेरे बोटाने एकेक वाचत गेले. शेवटी लिहिलं, "तपास बंद."

त्यानंतर दीडेक महिन्याने एका दुपारी घंटा वाजली. फळीवर दिवा तिसऱ्या मजल्याचा. मी जिने कशी चढले मला माहीत नाही. माझ्या पुढे खजिनदार, आडाळो सरसावून, "काय झाला, काय झाला" म्हणत. मागून अण्णा, काखेत रजिस्टर. सगळ्यांच्या मनात एकच आलं होतं, आता काकू पडल्या.

काकू दारात उभ्या होत्या. धडधाकट. आत ओट्यावर, टेबलावर, टीव्हीवर, जिथे जागा मिळेल तिथे कपबशा मांडलेल्या.

"काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "चहा टाकलाय. एवढी वर्षं धापा टाकत येता, उचलता आणि जाता. कुणी टेकलं नाही कधी. बसा आता."

खजिनदार म्हणाले, "अगो बाये, माझो जीव गेलो असतो!" आणि सगळ्यात आधी बशी उचलली.

अण्णा बसले नाहीत. त्यांनी उभ्याउभ्याच रजिस्टर उघडलं, वेळ घातली, चार वाजून दहा मिनिटं, आणि लिहिलं, "तिसरा मजला. चोर नाही. खोटी घंटा. पहिली."

खजिनदारांनी सवयीने मान घालून वाचलं. "पयली? आदीची दोन खंय गेली?"

अण्णांनी पानं मागे उलटली. काकांच्या त्या जुन्या दोन नोंदी होत्या. दोन्ही ठिकाणी "खोटी" या शब्दावर लाल पेनाने एकेक सरळ रेघ मारलेली आणि शेजारी अण्णांची सही, कारखान्यात चुकीची हजेरी दुरुस्त करायची पद्धत असते तशी. सहीखालची तारीख दोन वर्षांहून जुनी होती. ज्या दिवशी मी बटण दाबलं, त्याच दिवसाची. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. त्या दोन शेऱ्यांवरून मी अजून मनात अढी धरून होते, आणि हा माणूस कधीच सगळं दुरुस्त करून मोकळा झाला होता.

काकूंनी चष्मा लावून ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. ज्या बाईच्या तोंडून उभ्या जन्मात कधी वावगा शब्द निघाला नव्हता, ती त्या रेघांवरून बोट फिरवत म्हणाली,

"च्यायला."

अण्णांनी रजिस्टर मिटलं, कप घेतला आणि खाली बसले. भाषेबद्दल काही बोलले नाहीत.